एन-२च्या परीक्षेला कोणती शिसपेन्सिल न्यावी

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. भाषाज्ञान ३८, वाचन ४०, श्रवण १७. एकूण ९५. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. तिच्या एन-२ पातळीला १८०पैकी ९० गुण पडले की पास. बेरजेत मी पाच गुणांनी वर होते. पण तिन्ही विभागांत प्रत्येकी किमान १९ गुण हवेत, ही दुसरी अट. श्रवणात दोन गुण कमी पडले आणि वर्षभराची मेहनत तिथे अडकली.

ते दोन गुण कुठे गेले असतील याचा अंदाज मला निकालाच्या आधीपासून होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्यातल्या एका कॉलेजच्या बाकावर माझ्या हातात ०.५ची मेकॅनिकल पेन्सिल होती. ऑफिसात रोज वापरते तीच. पहिला पेपर १०५ मिनिटांचा, शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून. त्यात वेळ आपल्या हातात असतो. एक गोल भरायला दोन सेकंद लागले काय आणि पाच लागले काय, निभावून जातं. श्रवणाचा पेपर ५० मिनिटांचा, आणि तो आपल्या वेगाने चालत नाही. संवाद एकदाच ऐकवतात, मग थोडी शांतता, की पुढचा प्रश्न. त्यातला चौथा भाग तर फारच झरझर जातो. एक माणूस एक वाक्य बोलतो, त्यावर तीन उत्तरं ऐकवतात, त्यातलं योग्य कोणतं ते ठरवायचं. प्रश्नपत्रिकेवर काहीही छापलेलं नसतं. आपण गोल भरत असतानाच पुढचं वाक्य कानावर येतं.

तिथे माझं शिसं दोनदा मोडलं. बारीक टोकाने गोल भरायचा म्हणजे रेघेला रेघ लावत बसायचं, आणि घाईत जरा जोर दिला की कट्कन तुटतं. पुन्हा मागचं बटण दाबायचं. त्या शांततेत ती टिकटिक पुढच्या बाकावर ऐकू जात होती. मग मी ठरवलं की आता नुसता ठिपका देऊ आणि शेवटी सगळे गोल एकदम भरून काढू. शेवटी तसा वेळ मिळालाच नाही. आवाज थांबला, पेन्सिली खाली ठेवायला सांगितलं आणि उत्तरपत्रिका गोळा झाल्या. माझ्या पत्रिकेवर सात-आठ जागी ठिपकेच राहिले होते.

माझा कान पुरेसा तयार नव्हता, हेही तितकंच खरं. तो तयार असता तर सात ठिपक्यांनी काही बिघडलं नसतं. पुढच्या वर्षी ऐकण्याचा सराव दुप्पट केला. पण त्याबरोबर पेन्सिलीचाही विचार नीट करायचा ठरवलं, कारण त्याबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आमच्या वयाच्या मुलांना गोल भरायची सवय बॉलपेनची. एमएचटी-सीईटी २०१९ साली संगणकावर गेली. त्याआधी काळ्या बॉलपेनने गोल भरायचे, आणि एकदा भरला की भरला. शिसपेन्सिल म्हणजे चौथीपर्यंतची वस्तू, पेन हातात आलं की मागे पडणारी. त्यामुळे क्लासमधले बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात जी सापडेल ती पेन्सिल कंपासपेटीत टाकतात. मीही त्यातलीच.

मार्चमध्ये पुन्हा अभ्यासाला बसले तेव्हा पहिलं काम केलं ते उत्तरपत्रिका वाचायचं. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सरावपुस्तिकेबरोबर उत्तरपत्रिकेचा नमुनाही मिळतो. तीन वेळा ही परीक्षा देऊनही त्यावरच्या सूचना मी कधी सलग वाचल्या नव्हत्या. काळ्या एनपित्सुने, म्हणजे पेन्सिलीने, लिहा. कंसात एचबी, नंबर २. कोणतंही पेन वापरू नका. उत्तर बदलायचं तर खोडरबराने स्वच्छ खोडा. पत्रिका मळवू नका, दुमडू नका. आणि बाजूला दोन नमुने: चांगला आणि वाईट. चांगल्यात गोल काठोकाठ काळा. वाईटात अर्धवट भरलेले, बाहेर गेलेले, नुसती रेघ मारलेले. माझा ठिपका त्या वाईट नमुन्यांच्याच घरातला.

एचबी आणि नंबर २ हे एकाच पेन्सिलीचे दोन पत्ते. अमेरिकेत आकडे चालतात, बाकी जगात अक्षरं. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी, आणि एचबी मधली. आपण शिसपेन्सिल म्हणतो खरं, पण आत शिसं नसतंच. ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती कालवून, तिच्या काड्या करून त्या भट्टीत भाजतात. ही रीत निकोला-जॅक काँते या फ्रेंच माणसाने १७९५मध्ये बसवली. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी होते, ग्रॅफाइट जास्त घातलं की मऊ आणि काळी. इतकं साधं आहे. पण हे कळल्यावर माझी एक समजूत डळमळायला लागली. मला वाटत होतं की यंत्राला दिसायला हवं तर जितकी काळी तितकी बरी. मग परीक्षेवाले २बी का सांगत नाहीत?

हा प्रश्न मी क्लासमध्ये सेन्सेईंना, म्हणजे आमच्या जपानीच्या शिक्षिकांना, विचारला. त्या काही वर्षं जपानमध्ये राहून आलेल्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. जपानमध्ये विद्यापीठ-प्रवेशाची जी सामाईक परीक्षा होते, तिथे पेन्सिलीचा नियमच लिहून दिलेला आहे. काळी पेन्सिल, तीही एच, एफ (एच आणि एचबीच्या मधली) किंवा एचबी यांपैकीच. बी नाही, २बी नाही. मेकॅनिकल पेन्सिल कच्चं काम आणि आकडेमोड करायला चालते, गोल भरायला नाही. पेन्सिलीवर कविता किंवा सुविचार छापलेले असतील तर तीही चालत नाही.

‘‘सुविचार छापलेली पेन्सिल कोण नेतं परीक्षेला?’’ मी विचारलं.

सेन्सेई उठल्या आणि कपाटातून एक पेन्सिल घेऊन आल्या. तिला पाच बाजू होत्या. ‘‘हात लावून बघ,’’ म्हणाल्या. ‘‘पंचकोन म्हणजे गोकाकु. आणि परीक्षेत पास होणं म्हणजे गोऽकाकु. एका स्वराचा फरक. म्हणून मुलांना अशा पेन्सिली भेट देतात. तेन्जिनच्या देवळांतूनही परीक्षेसाठी पेन्सिली मिळतात, त्यांच्यावर असलं काहीबाही छापलेलं असतं.’’ तेन्जिन म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, नवव्या शतकातला विद्वान, मरणानंतर विद्येचा देव झालेला. आपल्याकडे परीक्षेच्या सकाळी पेन गणपतीच्या पायाशी ठेवतात, तसंच ते. ती पंचकोनी पेन्सिल मी बोटांत धरून पाहिली. धरायला जरा अवघड वाटली, पण परत देताना मनात काहीतरी हललं होतं. एका अख्ख्या देशाने परीक्षेच्या पेन्सिलीचा इतका विचार केलेला आहे, आणि मी ऑफिसच्या टेबलावरची उचलून नेली होती.

यंत्राचं म्हणाल तर पेन्सिलीचा आणि त्याचा संबंध जुना आहे. गोल तपासणारं पहिलं नावाजलेलं यंत्र आयबीएमने १९३०च्या दशकात बाजारात आणलं. त्यामागे रेनॉल्ड जॉन्सन नावाचे मिशिगनचे एक शाळामास्तर होते. ते यंत्र खूण बघत नव्हतं, तिच्यातून वीज जाते का ते तपासत होतं. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, शाईतून तशी वाहत नाही, म्हणून पेन्सिलच लागायची. आताची यंत्रं कागदावर प्रकाश टाकतात आणि कुठून तो परत येत नाही ते पाहतात. ग्रॅफाइट प्रकाश चांगला गिळतं, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशसुद्धा. काही शाया त्या प्रकाशात अगदी नाहीशा होतात. पेन नको म्हणण्याचं एक कारण हे, आणि दुसरं अर्थातच खोडता येणं.

हे सगळं समजलं तरी दुकानात जाऊन कोणती घ्यायची ते कळत नव्हतं. ऑगस्टमध्ये एका शनिवारी, भर पावसात, अप्पा बळवंत चौकात गेले. आधी झेरॉक्सच्या दुकानात उत्तरपत्रिकेच्या पन्नास प्रती काढून घेतल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, आणि मग स्टेशनरीच्या दुकानात शिरले.

‘‘ताई, परीक्षेसाठी पाहिजे का चित्रकलेसाठी?’’

‘‘परीक्षेसाठी.’’

‘‘मग कुठलीपण न्या, सगळ्या सारख्याच.’’

मी त्यांना एकेक काढायला लावली. गर्दी नव्हती, त्यांनीही काउंटरवर सगळी मांडामांड केली. नटराजची लाल-काळ्या पट्ट्यांची, अप्सरा, डोम्स. कॅम्लिनच्या चित्रकलेच्या सुट्या पेन्सिली, एच, एचबी, बी आणि २बी. नटराज आणि अप्सरा एकाच घरच्या, १९५८ साली मुंबईत सुरू झालेल्या हिंदुस्तान पेन्सिल्सच्या. डोम्स आपल्या हद्दीला लागून असलेल्या उंबरगावची. कॅम्लिनचा उंट माझ्या आजोबांच्या शाईच्या बाटलीवरही होता. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेला तो उद्योग. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. जपानीच्या परीक्षेची तयारी करताना हा मराठी-जपानी धागा हातात आला याचं मला फार बरं वाटलं.

दुकानात पेन्सिल कशी बघायची ते मला त्या दुकानदारांनीच दाखवलं. ‘सगळ्या सारख्याच’ म्हणणाऱ्या माणसाला पेन्सिलीतलं सगळं कळत होतं. आधी न तासलेलं टोक समोर धरायचं आणि शिसं लाकडाच्या बरोबर मध्ये आहे का ते बघायचं. एका बाजूला सरकलेलं असेल तर तासताना एकीकडे लाकूड राहतं आणि टोक मोडत राहतं. मग पेन्सिल काचेवर घरंगळवायची. सहा बाजूंची पेन्सिल टकटक करत सरळ गेली पाहिजे, वाकडी असेल तर मधूनच डुलते. त्यांनी मला एका खोक्यातल्या दहापैकी तीन पेन्सिली बाजूला काढून दाखवल्या. ते कोणत्या कंपनीचं होतं ते सांगत नाही, तसं कुठल्याही खोक्यात निघू शकतं. आणि पेन्सिल खाली पाडू नका, म्हणाले. बाहेरून काही दिसत नाही, पण आतलं शिसं तुकडे होऊन बसतं, मग कितीही तासलं तरी टोक गळून पडतं. शाळेत माझी एक पेन्सिल कायम अशीच मोडायची. त्याचं कारण मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

त्याच सुमारास ऑफिसातले एक सहकारी नागोयाहून परत येणार होते. त्यांना सांगून एक डझन मित्सुबिशी ९८०० एचबी मागवल्या. हिरव्या रंगाच्या, सहा बाजूंच्या, मागे खोडरबर नसलेल्या. तिकडच्या शाळा-ऑफिसांतून दिसणारी ही साधी पेन्सिल. ही मित्सुबिशी पेन्सिल गाड्यांच्या मित्सुबिशीची कोणी लागत नाही. तीन हिऱ्यांचं ते चिन्ह पेन्सिलवाल्यांनी १९०३ सालीच नोंदवून ठेवलं होतं. जपानमध्ये गोल भरण्यासाठी म्हणून वेगळ्या पेन्सिलीही विकल्या जातात, त्यांतल्याही दोन त्यांनी आठवणीने आणल्या.

मग खरी परीक्षा सुरू झाली, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मदतीला माझा भाचा, चौथीतला. फोनवरचं घड्याळ लावून तो समोर बसायचा. मी एका पेन्सिलीने तीस गोल भरायचे, त्याने वेळ लिहायची. नंतर त्यातले दहा गोल खोडायचे. मग तळहात कोरडा असताना एकदा आणि घामेजलेला असताना एकदा पत्रिकेवरून फिरवायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या स्कॅनरवर नुसत्या काळ्या-पांढऱ्यात ती पत्रिका टाकायची आणि कोणते गोल ठळक येतात, कोणते विरतात ते बघायचं. परीक्षेचं यंत्र असंच चालत असेल असा माझा दावा नाही. पण एक पेन्सिल दुसरीपेक्षा किती वेगळी आहे ते यात चांगलं दिसलं.

०.५च्या मेकॅनिकल पेन्सिलीने तीस गोलांना २ मिनिटं ४० सेकंद लागले. एका गोलाला पाच सेकंदांहून जास्त. ताजी तासलेली एचबी घेतली तर १ मिनिट ५० सेकंद. म्हणजे लाकडी पेन्सिलीने बराच फरक पडत होता, पण मला वाटला होता तितका नाही. टोकदार असताना तीही सुईसारखीच चालते, गोलाच्या मध्ये पांढऱ्या फटी राहतात, त्या बुजवायला परत फिरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी भाचा शाळेतून आला आणि त्याच्या कंपासपेटीतली पेन्सिल मी सहज उचलली. दिवसभर लिहून तिचं टोक बसकं झालेलं, एका बाजूने घासून तिरपं झालेलं. तिने तीस गोल भरले. १ मिनिट ६ सेकंद.

मी पुन्हा भरले. १ मिनिट ४ सेकंद. आधी वाटलं पेन्सिल वेगळी असेल, पण ती होती नटराजच, मी आणलेल्या खोक्यातलीच, मीच त्याला दिलेली. मग मी माझी एक तासलेली पेन्सिल घेतली आणि रद्दी कागदावर आडवी धरून घासत राहिले.

‘‘मावशी, तू टोक का घालवतेस?’’ त्याने कळवळून विचारलं. त्याने नुकतंच शार्पनरने ते छान काढून दिलं होतं. आमच्या सांगलीकडे आम्ही त्याला गिरमिट म्हणायचो, तो शब्द त्याला फार आवडतो.

टोक बोथट झाल्यावर त्या पेन्सिलीनेही १ मिनिट ५ सेकंद. मित्सुबिशीचं टोक तसंच केलं, १ मिनिट १ सेकंद. कॅम्लिनची एचबी, १ मिनिट ६. गोल भरण्यासाठीच्या त्या जपानी पेन्सिलीही याच आसपास. आठवडाभर मी कंपन्यांच्या नावांत फरक शोधत होते. चार-पाच सेकंदांच्या पलीकडे तो नव्हताच. खरा फरक टोकाच्या आकारात होता. बोथट टोक गोलावर टेकवलं की दोन-तीन वळणांत आतली जागा काळी होते. आपण पेन्सिल निवडताना लिहिण्याचा विचार करतो, म्हणून टोकदार हवी असं वाटतं. या परीक्षेत एक अक्षरसुद्धा लिहायचं नसतं. भरायचं असतं.

मग काळेपणाचा प्रश्न. इथे कॅम्लिनचा संच उपयोगी पडला, कारण एकाच घरच्या चार पेन्सिली आणि फरक फक्त ग्रेडचा. २बीने सगळ्यात कमी वेळ लावला, ५५ सेकंद. तिची काळी चमक बघून मला क्षणभर वाटलं, हीच न्यावी. पण खोडायला घेतलं तेव्हा कळलं. खोडरबर फिरवला तसा काळा रंग आधी पसरला, शेजारच्या गोलात गेला, आणि चांगलं घासूनही करडा डाग राहिला. स्कॅनरवर तो डाग काही ठिकाणी उमटला. म्हणजे खोडलेलं उत्तर आणि नवीन उत्तर, दोन्ही दिसणार. त्यात ऑगस्टचा महिना. पुण्यात त्या दिवसांत कागद हाताला सादळलेला लागतो, आणि माझ्या तळव्यांना टेन्शनमध्ये घाम येतो. ओल्या तळहाताने २बीच्या तीस गोलांची अक्षरशः शेपटी काढली. एचबीचेही थोडे पुसले, पण गोलाच्या आतच राहिले. एच मात्र माझ्या हाताला जमली नाही. काळी दिसायला जोर द्यावा लागला आणि कागदात चर पडले. ते सामाईक परीक्षेवाले एच, एफ, एचबीवर का थांबतात ते त्या टेबलावर मला डोळ्यांनी दिसलं.

ग्रेडबद्दल एक सांगायला हवं. एचबी लिहिलं म्हणजे जगभर एकच काळेपणा, असं नसतं. मित्सुबिशीची एचबी माझ्याकडच्या एका युरोपीय एचबीपेक्षा स्पष्ट काळी होती, जवळजवळ बीसारखी. आणि आपल्याकडे ज्या पेन्सिलींवर जास्त काळ्या म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यांतल्या एकीवर मला ग्रेड सापडलाच नाही. ती लिहायला फार छान होती, वहीसाठी मी अजून वापरते. परीक्षेसाठी मात्र मी बाजूला ठेवली, कारण उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत एचबी म्हणते आणि हॉलमध्ये पर्यवेक्षकांनी विचारलं तर बोट ठेवून दाखवता यावं.

खोडरबराचं थोडक्यात सांगते. पेन्सिलीच्या मागे बसवलेला गुलाबी रबर वापरू नका. माझ्याकडच्या एकाने खोडण्याऐवजी लाल ओरखडा काढला. पांढरा, मऊ, भुगा एकत्र गोळा होणारा वेगळा रबर घ्या, आणि त्याची एक कड धारदार ठेवा, म्हणजे शेजारचा गोल न दुखवता एकच खोडता येतो. मी अप्सराचा नॉन-डस्ट नेला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी श्रवणाचा प्रत्येक सराव खऱ्या उत्तरपत्रिकेवर केला, वहीत १, २, ३ लिहून नाही. हे मी आधी कधी केलं नव्हतं. ऐकणं आणि भरणं ही दोन कामं एकाच वेळी करायला हात आणि कान दोघांनाही शिकवावं लागतं. बोथट पेन्सिलीमुळे भरताना बघावंच लागत नाही इतकं ते सोपं झालं, आणि पुढच्या वाक्याच्या सुरुवातीचे दोन शब्द, जे आधी माझ्या हातून निसटायचे, ते ऐकू यायला लागले. जपानी संवादात त्या दोन शब्दांवर पुष्कळ काही अवलंबून असतं. कोण कोणाशी बोलतंय, आदराने बोलतंय का घरगुती, ते तिथेच कळतं.

शेवटी मी नेल्या त्या चार पेन्सिली. तीन नटराज एचबी, तिन्ही आदल्या रात्री तासून, रद्दीवर घासून बोथट केलेल्या, आणि घासलेली बाजू कुठली ते कळावं म्हणून त्या बाजूला लाकडावर नखाने खूण केलेली. चौथी मित्सुबिशी, टोकदार, वाचनाच्या उताऱ्यांत प्रश्नपत्रिकेवर खुणा करण्यासाठी. मित्सुबिशी अधिक मुलायम होती यात शंका नाही, तासताना लाकडाचा वासही सुंदर येतो. पण गोल भरायला मी नटराज घेतली, कारण तिची मला पहिलीपासून सवय आहे आणि वाटेत हरवली तर कोपऱ्यावरच्या दुकानात तशीच दुसरी मिळते. परीक्षेच्या सकाळी एवढा भरवसा मला हवा होता. तिन्ही सहा बाजूंच्या, हेही ठरवून. कॉलेजातले बाक उतरते असतात. गोल पेन्सिल घरंगळते, श्रवणाच्या शांततेत खाली पडून आवाज करते, आणि वाकून उचलेपर्यंत एक प्रश्न जातो. चारही पेन्सिली भाच्याच्या जुन्या कंपासपेटीत, खाली रुमाल घालून, आपटू नयेत म्हणून.

डिसेंबरची सकाळ थंड आणि कोरडी होती. कागद कडक लागत होता, हातांना घाम नव्हता. पहिल्या पेपरात एका पेन्सिलीचं टोक फारच रुंद झालं, तशी मी ती वळवून दुसऱ्या बाजूने धरली. पाच उत्तरं खोडली, पाचही स्वच्छ निघाली. श्रवणाला बसताना दुसरी पेन्सिल घेतली. चौथा भाग सुरू झाला तेव्हा छातीत धडधडत होतं, कारण गेल्या वर्षी इथेच ठिपके द्यायला लागले होते. पहिलं वाक्य, तीन उत्तरं, दोन वळणं, गोल भरला. पेन्सिल पुढच्या गोलावर टेकवून मी वाट बघत होते आणि पुढचं वाक्य अजून सुरू व्हायचं होतं. त्या एक-दीड सेकंदात मला श्वास घेता आला. त्या भागातली दोन उत्तरं मला खरंच आली नाहीत. तिथेही एकेक गोल भरला, कारण या परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत. शेवटचा संवाद संपला तेव्हा पत्रिकेवर एकही ठिपका नव्हता.

जानेवारीत निकाल आला. भाषाज्ञान ३९, वाचन ४३, श्रवण ३१. एकूण ११३.

सेन्सेईंना फोन केला. आता क्लासमध्ये दर वर्षी परीक्षेच्या आधीच्या रविवारी त्या मला बोलावतात, आणि मी पिशवीत रद्दी कागद, एचबीचं एक खोकं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या प्रती घेऊन जाते. मुलं आधी तीस गोल टोकदार पेन्सिलीने भरतात, मग घासून बोथट केलेल्या पेन्सिलीने तीस. वेळ भाचा लिहितो. तो आता सातवीत आहे आणि पेनने लिहितो.